पेपरातला चौदा नंबर

इतवारी, नागपूर
ज्येष्ठ वद्य चतुर्थी, शके १८६८

प्रिय गोपी,

तुझं पत्र पाच दिवसांपूर्वी आलं आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी ओट्यावर कुरड्या घालत होते. यंदा उशीरच झाला, पण गहू मिळायलाच वैशाख संपला, रेशनवाल्याच्या कृपेनं. पोस्टमन दारातून ‘भंडाऱ्याहून आहे जी’ म्हणाला, तशी मी चिकानं भरलेल्या हातांनीच उठले, म्हणून तुझ्या पाकिटाला अजून चीक चिकटलेला आहे. तेवढ्यात समोरच्या कुसुमताईची बकरी ओट्यावर चढली आणि अर्धी चटई फस्त करून गेली. जाऊ दे. मी तुझी पहिलीच ओळ वाचत होते. ‘आजी, मी इंटरला नापास झाले.’ तीनदा वाचली. मग आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. तुझ्या आईनं साखर पाहिली आणि तिला वाटलं, तू पास झालीस. तिचा चेहरा असा फुलला, गोपी! मी लगेच म्हटलं, ‘नाही वं बाई, नापास झाली.’ तर ती माझ्याकडे पाहतच राहिली. म्हातारीचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असेल. तुलाही वाटत असेल. फिरलेलं नाही. सगळं सांगते, पण मला माझ्या चालीनं सांगू दे, मधे पानं उलटवून शेवट वाचू नकोस.

हे पत्र मी कोणाकडून लिहवून घेतलेलं नाही. चार दिवस झाले, रोज दुपारी गिरणीचा भोंगा झाला की बसते. दीड वर्षाची माझी शाळा, नवव्या वर्षी लग्न झालं आणि पाटी सुटली ती सुटलीच. काना मात्रा चुकला तर समजून घे. लिहिताना ‘मले, तुले’ नाही, ‘मला, तुला’ लिहायचं, हे तूच शिकवलंस, ते लक्षात ठेवून लिहिते आहे. बोलताना मात्र माझ्यानं होणार नाही, आधीच सांगते.

तुझ्या पत्राच्या कडेला यमूनं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं तू पाहिलंस का, मला माहीत नाही. माझी ही लेक कागदाची कड कधी सोडत नाही. तिनं लिहिलंय, ‘आई, गोपी आठ दिवस झाले धड जेवत नाही. पोरीले विहिरीवर एकटी जाऊ देत नाही मी.’ एवढंच. गोपी, माझे हात तिथे थांबले. तू तुझ्या आत्याच्या घरी निकाल लागायच्या आधीच का गेलीस, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. आणि खाली तू लिहिलंस की आता नागपूरला येणार नाही, इथेच आत्याकडे राहून भाकरी थापीन, आमच्या गल्लीतून मान वर करून कशी चालू, बी.ए. बापाची पोर इंटरला नापास, बाबांच्या नावाला मी काळं लावलं. ही ओळसुद्धा मी तीनदा वाचली. पण हिला साखर ठेवली नाही.

आता तुझ्या बाबांची गोष्ट सांगायलाच हवी. तू ऐकलेली आहेस, गल्लीत सगळ्यांनी सांगितलेली, पण ती मी सांगितलेली नव्हे.

तुझ्या आजोबांचं तांदळाचं दुकान होतं. रामटेककडचं धान यायचं, आमची थोडी शेती तिकडे होती. इतवारीत आमच्या सगळ्या आळीत इंग्रजी पाचवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मार्तंड गेला. माझी चार लेकरं गेल्यावर हा आणि यमू राहिले, त्यातला हा. पोरगा हुशार होता का? होता. पण फार हुशार होता का, ते मी आता सांगू शकत नाही, आईला कुठे कळतं. कष्टाळू होता. पुस्तक घेऊन बसला की ताट वाढून गार झालं तरी कळायचं नाही. कॉलेजात गेला तेव्हा त्याला डोक्यावर काळी टोपी घेऊन दिली. तो बाहेर पडला की पलीकडची मंडळी ओट्यावरून उठून उभी राहायची. वीस वर्षांच्या पोरासाठी! तुझ्या आजोबांसाठी कधी कोणी उठलं नव्हतं, इतकी वर्षं तांदूळ मोजून देऊनही.

त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे सव्वीस साली, त्याची बी.ए.ची परीक्षा झाली. पेरणीच्या आधी शेत पाहायला म्हणून त्याला आजोबांनी रामटेककडे धाडलं. जाताना मी म्हटलं, ‘बापू, तुझा नंबर सांगून जाय, देवाले सांगीन.’ त्यानं हसत हसत कोळशानं देवळीशेजारी भिंतीवर लिहिला. एकावर चार, चौदा. मी रोज त्याला हळद-कुंकू लावायची. आता हसू येतं. सरस्वतीला सोडून आकड्याची पूजा करणारी बाई मीच असेन.

आणि मग निकालाचा इंग्रजी पेपर आला. आजोबा सीताबर्डीवरून घेऊन आले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना पान पांढरं आणि शाई काळी एवढंच दिसायचं. त्या दिवशी पेपरात नावं नव्हती, नुसते नंबर होते, मुंग्यांच्या रांगेसारखे. इंग्रजी येणारं आळीत दुसरं कोणी नाही, येणारा तर रामटेकला. थांबायला हवं होतं. दोन दिवसांचा प्रश्न होता, गोपी, दोनच दिवसांचा! पण मी म्हटलं, आकडे तर मलाही येतात, शंभरापर्यंत पाटीवर लिहिले आहेत. उंबऱ्यात बसले, पेपर मांडीवर घेतला आणि बोट फिरवत गेले. काही आकडे ओळखीचे वाटायचे, काही अगदीच परके. आणि मधल्या रांगेत सापडला. एक आणि चार. भिंतीवर पाहिलं, पेपरात पाहिलं. चार थोडा जाड छापला होता, वरून मिटलेला, पण छपाईत असं होतंच. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण कुसुमताईच्या सासूच्या हातून पाण्याची घागर पडली, असं ती मरेपर्यंत सांगायची.

पुढचं तुला सगळी आळी सांगते ना, की तुझ्या आजीनं इंग्रजी पेपर वाचला. दीड वर्ष शाळेत गेलेल्या बाईनं! आजोबांनी हलवायाकडून पेढे आणले, आळीत वाटले, पलीकडच्या आळीत वाटले, मारवाड्याच्या पेढीवर पोचवले. ज्याला त्याला सांगायचे, ‘पोराच्या मायनं वाचला निकाल, आमच्या घरात आता बायकाबी इंग्रजी वाचते.’ आणि त्याच संध्याकाळी तुझ्या आईचे वडील, महादेवराव मालगुजार, स्वतः बैलांची दमणी जुंपून आमच्या दारी आले. ज्यांच्या वाड्यात आजोबा चप्पल बाहेर काढून उभे राहायचे, ते आमच्या ओट्यावर बसले. म्हणाले, ‘शालिकराम, जावई तर मीच घेऊन जाईन.’ नवऱ्याचं नाव लिहिलं गेलं बघ, इलाज नाही, त्यांचे शब्द आहेत ते. पुष्पाला, म्हणजे तुझ्या आईला, तेव्हा पंधरावं लागलं होतं, आणि तिला बी.ए. शिवाय द्यायची नाही असं त्यांनी जाहीर केलेलं.

तिसऱ्या दिवशी मार्तंड आला. निरोप गेलाच होता. आळीच्या तोंडाशी त्याला हार घातला, ढोलकीवाला आणला होता. तो हसत हसत आला, गोपी. आनंदानंच आला. त्याला वाटलं खरंच झालो पास. घरात शिरल्याबरोबर म्हणाला, ‘आई, पेपर दे पाहू.’ मी दिला, बोट ठेवून दाखवला. त्यानं पाहिलं. मग वरची रांग पाहिली. मग पान उलटून मागे पाहिलं. मी म्हटलं, ‘काहून रे, सापडत नाही का? हा काय!’ त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचं ते पाहणं मी वीस वर्षं पाहत आले आहे. तोंड उघडलं होतं त्यानं. तेवढ्यात आजोबा आले, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखे रडायला लागले. ‘साहेब झाला वं माझा, साहेब झाला.’ ओट्यावर महादेवराव बसलेले, ढोलकी वाजते आहे, बाहेर चाळीस माणसं. मार्तंडनं पेपर घडी करून खिशात ठेवला आणि वडिलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

तुझे बाबा बी.ए. झाले नव्हते, गोपी. कधीच झाले नाहीत.

इंग्रजीतला नऊ आपल्या एकासारखा असतो आणि आठ आपल्या चारासारखा. तुला हे सांगायला नको, तुला तर ते सातव्या वर्षी येत होतं. मी वाचला तो चौदा नव्हता, अठ्ठ्याण्णव होता. चौदा त्या पानावर नव्हताच. कोणाचा होता तो अठ्ठ्याण्णव, कोण जाणे. त्याच्याही आईनं पेढे वाटले असतील, आणि ते खरे असतील.

तू म्हणशील, पुन्हा बसायचं परीक्षेला, त्यात काय. मीही हे पुष्कळ वर्षं मनात म्हणून पाहिलं. पण पुन्हा बसायला आधी नापास व्हावं लागतं, आणि तो तर पास झालेला. दुसऱ्या वर्षी त्यानं घरी सांगितलं की जबलपूरला नोकरीचं बघायला जातो, आठ दिवस लागतील. वळकटी बांधली. पलीकडच्या आळीतला चंद्रभान त्या वर्षी परीक्षेला बसणार होता, त्यानं टांग्यात सोबत बसून स्टेशनपर्यंत जायचा हट्ट धरला, ‘बी.ए. साहेबांना पोचवतो’ म्हणून. मार्तंड खरंच जबलपूरच्या गाडीत बसला. परीक्षा नागपुरात होती. ज्या दालनात चंद्रभान बसणार, त्या दालनात तो कसा बसणार होता? आठ दिवसांनी परत आला, माझ्यासाठी जबलपूरचा संगमरवरी खलबत्ता घेऊन. म्हणाला, तिथली हवा मानवत नाही.

हवा त्याला कुठलीच मानवली नाही. सचिवालयात जागा निघाली, महादेवरावांनी साहेबाला सांगून ठेवलं, फक्त दाखला घेऊन जायचं होतं. गेला नाही. तहसिलीत जागा निघाली, तिथला साहेब चांगला नाही म्हणाला. लोक म्हणू लागले, बी.ए. झाला ना, आता कारकुनी कशी आवडेल त्याला. गर्वाचं नाव लागलं. मग एकदा मला म्हणाला, ‘आई, मी दुकानात बसतो.’ बसला बिचारा. गिऱ्हाईक आलं की उभं राहायचं. ‘राहू द्या साहेब, तुम्ही काहून माप टाकता, आम्हाले शरम वाटते.’ आजोबांनीच उठवलं त्याला. म्हणाले, पायली मोजायला बी.ए. केलं का तुला. तिथूनही उठला. तुझी आई मालगुजाराची पोर, तिला कधी एक लुगडं मनासारखं मिळालं नाही, आणि माहेरी जाऊन तिनं कधी एक शब्द काढला नाही. तिथे ती बी.ए.ची बायको होती ना.

मग तो पुढच्या खोलीत पोरांना इंग्रजी शिकवायला लागला. ते तुला आठवत असेल. सतरंजीवर वीस वीस पोरं. काय शिकवायचा! मला एक अक्षर कळायचं नाही, पण मी दाराआड बसून ऐकायची, कीर्तनासारखं वाटायचं. चंद्रभान दोनदा अडकला, तिसऱ्या खेपेला याच्याकडे शिकून बी.ए. झाला, आता नायब तहसीलदार आहे. त्याच्या घरचे पेढे आले तेव्हा मार्तंडनं एक उचलून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला. आळीतल्या कोणाची तार आली, अर्ज लिहायचा असला, की ‘बी.ए. साहेब, एवढं पाहा.’ अर्ज लिहून द्यायचा, सही करायचा, पण सहीपुढे बी.ए. कधी लिहिलं नाही. एकदाही नाही. लोक म्हणायचे, पाहा किती नम्र माणूस आहे. आणि आजोबा, ते तू पाच वर्षांची असताना गेले, त्यांनी जाताना सगळ्यांना सांगितलं की मी पोराला साहेब करून चाललो. या घरातून एक माणूस तरी सुखानं मेला, असं मी तेव्हा म्हटलं होतं.

माझं काय झालं ते विचार. मी बी.ए.ची आई झाले! हळदीकुंकवाला पहिलं कुंकू मला. लग्नं जुळवायला मला बोलवायचे, मुलगा पाहिला की माझ्याकडे वळून, ‘तुम्हीच सांगा, तुम्ही शिकलेल्या घरातल्या.’ जातीची सभा भरली त्या वर्षी ठरलं की जातीतल्या पहिल्या बी.ए.ला शाल द्यायची. सगळी मंडळी मांडवात आणि मार्तंडचा पत्ता नाही. सकाळीच रामटेकला निघून गेलेला, अंबाळ्याच्या तळ्यावर अंघोळीला जातो म्हणून. अध्यक्षांची पंचाईत झाली. मग कोणीतरी म्हणालं, आईला द्या, निकाल तिनंच वाचला होता. मी उठले. नऊवारी सावरत व्यासपीठावर गेले, शाल घेतली, आणि वर चार शब्दही बोलले. म्हटलं, ‘माझ्या पोरानं लई मेहनत केली, तुमच्या पोरायनंही करावी.’ टाळ्या पडल्या. तू पुढच्या ओळीत बसली होतीस, आठ वर्षांची, माझ्याकडे पाहून टाळ्या पिटत होतीस. घरी आल्यावर मार्तंडनं शाल पाहिली. ‘छान आहे, आई,’ म्हणाला. ‘थंडीची होईल तुले.’

तुझ्या अभ्यासाकडे तो कसा पाहायचा ते तुला कधी कळलं नाही असं मला वाटतं. तू पहिली आलीस की तो हसायचा, पण लगेच उठून जायचा. तू रुसायचीस. मला विचारायचीस, बाबांना माझा नंबर आवडत नाही का. त्याला भीती वाटायची, पोरी. तू जितकी वर जायचीस तितके लोक म्हणायचे, बी.ए. बापाची पोर आहे, जाणारच. तो आपल्या खोट्यावर तुझा मजला चढताना पाहत होता. आणि आता तू तेच वाक्य मला लिहून पाठवलंस.

क्षय झाला त्याला. डॉक्टर म्हणाले छातीचा आहे. मला विचारशील तर तो पंधरा वर्षं छातीत धरून होता ते दुसरंच काही होतं. तू तेरा वर्षांची होतीस, तुला पुढच्या खोलीत येऊ देत नव्हतो, म्हणून तुला शेवटचे दिवस दिसले नाहीत. ते मीच पाहिले. आणि आता ते लिहायचं आहे ज्याच्यासाठी चार दिवस झाले मी कुरड्या, बकरी आणि शाल लिहीत बसले आहे.

मला माहीत होतं, गोपी. तू सात वर्षांची असताना मला पाटीवर इंग्रजी आकडे शिकवायचीस, आठवतं? मी नऊ पाहून एक म्हणाले आणि तू हसून लोळलीस, ‘आजी, एक नाही वं, नऊ आहे तो, आणि हा आठ.’ मीही हसले. मग तू खेळायला गेलीस आणि मी ट्रंक उघडली. तो पेपर मार्तंडनं कुठे टाकला ते मला कळलं नव्हतं, पण आजोबांनी दुसरा आणून जपून ठेवलेला होता. नऊ आणि आठ. पेपर परत घडी करून ठेवला. म्हणजे जातीच्या मांडवात मी शाल घेतली तेव्हा मला माहीत होतं, अख्खं वर्ष. मी जाऊन त्याला एवढंच म्हणायचं होतं, ‘बापू, चूक माझी होती, आता ठेव ते ओझं खाली.’ रोज म्हणेन म्हणत होते. पण रोज कोणीतरी दारात यायचं आणि मला मान द्यायचं, आणि मी म्हणायची, उद्या. सहा वर्षं उद्या म्हटलं. शेवटी, जायच्या तीन दिवस आधी, भर दुपारी, वाळ्याच्या ताट्यांवर मी पाणी मारून आत आले तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं. म्हणाला, ‘आई, तुले एक सांगायचं राहिलं. तो पेपर…’ आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, ‘बोलू नको, दम लागते.’ दम लागत होता हे खरं. पण मी हात त्यासाठी ठेवला नव्हता. मला ऐकायचं नव्हतं. त्यानं सांगितलं असतं तर मला ते ठाऊक झालं असतं, आणि मग मी बी.ए.ची आई राहिले नसते. त्याचे ओठ माझ्या तळहाताखाली हलत होते ते थांबले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की मला माहीत आहे, आणि केव्हापासून तरी माहीत आहे. नंतर तो बोललाच नाही. म्हणून तुझी ती पहिली ओळ वाचून मी देवापुढे साखर ठेवली. माझ्या पोराला जे पंधरा वर्षांत म्हणू दिलं नाही, ते तू एका ओळीत, स्वतःच्या अक्षरात, स्वतःहून मला लिहिलंस. काल मी तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं फक्त विचारलं, ‘किती वर्षं माहीत होतं तुम्हाले?’ मी म्हटलं, अकरा. ती सूप ठेवून उठली. तेव्हापासून ताट वाढते, पण माझ्याशी बोलत नाही. बोलू नये तिनं. मग मी ओट्यावर जाऊन बायकांना सांगितलं, की माझी नात नापास झाली आणि माझा मुलगाही नापास झाला होता. कुसुमताई म्हणाली, ‘आता काहून सांगून राहिल्या जी, मेलेल्या माणसाची अब्रू काढून राहिल्या.’ तिचंही खरं असेल. तू मला काय म्हणशील ते म्हण, आयुष्यभर तोंड पाहू नकोस, मला चालेल. पुढे शिकायचं की नाही ते तू ठरव, कोणाच्या पोटची म्हणून ठरवू नकोस. मी शुक्रवारच्या सकाळच्या गाडीनं तुला घ्यायला येते आहे, एकटी, कधी गेले नाही अशी. यमूला म्हणावं स्टेशनावर टांगा पाठव. आज मंगळवार. मी पोचेपर्यंत तू रोज दोन्ही वेळा पोटभर जेव.

तुझीच आजी,
भागीरथा